आज सात किलो, उद्या पस्तीस

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, "मामा, बाजी घरी आला, आता तुमचे कानमंत्र सांगा." तेवढ्यात तुझ्याकडे कुकरची शिट्टी झाली, चिंगी त्याची शेपटी धरून ओरडत होती आणि सासूबाई विचारत होत्या की त्याला दूध गरम द्यायचं की गार. अशा गडबडीत सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून आज रात्री निवांत लिहायला बसलोय. दोन-तीनदा वाच आणि जावईबापूंनाही वाचायला दे. घरातल्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं. कुत्र्याला एकाने एक शिकवायचं आणि दुसऱ्याने ते मोडायचं, यातच बिचाऱ्याचा गोंधळ उडतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की कर. बाजी आज दोन महिन्यांचा आहे, वजन सात किलो. जर्मन शेफर्डचा नर मोठा झाला की तीस ते चाळीस किलो भरतो. सहा महिन्यांचा होईपर्यंतच त्यातलं निम्म्याहून अधिक वजन अंगावर आलेलं असेल. तेव्हा आज तो जे काही करेल, ते पस्तीस किलोचा झाल्यावर चालेल का, असा प्रश्न प्रत्येक वेळी स्वतःला विचार. आज तो दारात आलेल्या माणसाच्या पोटरीवर उड्या मारतो तेव्हा सगळे "किती गोड" म्हणतात. वर्षाने तीच उडी सासूबाईंच्या छातीपर्यंत जाईल आणि त्या पडतील. चूक त्याची नसेल, आपणच त्याला ती दहा महिने शिकवलेली असेल.

आता राजाबद्दल सांगतो. तू त्याला पाहिलेलं नाहीस, तुझ्या आईला आठवत असेल. 1981 साली मी अल्सेशियनचं पिल्लू आणलं. जर्मन शेफर्डला तेव्हा सगळे अल्सेशियनच म्हणायचे. माझं वय पंचवीस, घरात दुभती म्हैस आणि गावात असा कुत्रा दुसरा नाही. मला तो पैलवान करायचा होता. रोज दोन लिटर दूध, पोळीवर तूप, वर कॅल्शियमच्या औषधाची बाटली. कान लवकर उभे राहावेत म्हणून कुणीतरी ती सुचवली होती. पाच महिन्यांचा झाल्यावर मी त्याला सायकलच्या मागे उसाच्या रानापर्यंत पळवू लागलो. जायला चार किलोमीटर, यायला चार. तो आनंदाने पळायचा. कुत्रा मालकासाठी दमेपर्यंत पळतो गं, नाही म्हणणं त्याला ठाऊक नसतं.

आठ-नऊ महिन्यांचा झाल्यावर तो मागचे दोन्ही पाय जुळवून सशासारखा उड्या मारत पळू लागला. ते बघायला लोक गोळा व्हायचे आणि मलाही कौतुक वाटायचं. ती खुब्याच्या सांध्याची तक्रार होती, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. पाच वर्षांचा असताना त्याला जिना चढवेना. सहाव्या वर्षी सकाळी उठवेना. मी त्याच्या पोटाखालून पंचा घालायचो, दोन्ही टोकं वर धरायचो आणि तसाच त्याला शू करायला अंगणात न्यायचो. सातव्या वर्षी गेला. खुब्याचा हा आजार अनुवंशिक असतो, त्यामुळे तो त्याला रक्तातूनच आलेला असणार. पण वाढत्या हाडांवर मी जे वजन लादलं आणि जी दौड लादली, तिने तो किती वाढवला, हा विचार अजून माझी पाठ सोडत नाही. हे सगळं लिहितोय ते बाजीवर ती वेळ येऊ नये म्हणून.

त्यामुळे हाडांचं आधी. मोठ्या जातीच्या पिल्लाचं अंग झपाट्याने भरतं, पण हाडांच्या टोकांजवळची वाढीची कूर्चा पक्की व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. ग्रेट डेनसारख्या अजस्र जातींत त्याहूनही जास्त. तोवर हाडं मजबूत दिसतात, पण आतून कच्ची असतात. म्हणून मोठ्या जातीचं पिल्लू सावकाश वाढलेलं चांगलं. शेवटी ते जेवढं व्हायचं तेवढंच मोठं होतं, कारण उंची आईबापांकडून येते, ताटातून नाही. जास्त खाऊ घातलं तर ते फक्त लवकर वाढतं, आणि तेच घातक ठरतं.

कॅल्शियमची बाटली कुणी दिली तर घरात ठेवू नकोस. बाजाराच्या खाण्यावर असलेल्या पिल्लाला वरून कॅल्शियम लागत नाही. पाच-सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही. जेवढं पोटात जाईल त्यातलं बरंचसं रक्तात उतरतं आणि हाडांची, सांध्यांची वाढ बिघडते. आणि कानांचं म्हणशील, तर कान हाडाचे नसतात, कूर्चेचे असतात. कॅल्शियमने ते उभे राहत नाहीत. चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडू लागतात, त्या काळात उभा राहिलेला कानसुद्धा पुन्हा पडतो. शेजारपाजारचे "कान पडले, काहीतरी कमी पडतंय" म्हणायला येतील. दात येऊन झाले की बहुतेकांचे कान आपोआप उभे राहतात. धीर धर.

खायला मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी मिळतं तेच पॅकेटचं खाणं आण. साध्या पिल्लांचं नको आणि मोठ्या कुत्र्यांचंही नको. त्यात कॅल्शियम आणि ऊर्जा दोन्ही मोजून घातलेले असतात. साधारण बारा ते पंधरा महिन्यांपर्यंत तेच चालू ठेव. घरचंच द्यायचं मनात असेल तर जनावरांच्या डॉक्टरांकडून प्रमाण लिहून घे. कारण नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम फार कमी असतं, आणि दूध-पोळीवर वाढलेल्या पिल्लाच्या वाट्याला प्रथिनं कमी येतात. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कुत्री दूध-भाकरीवर वाढली हे खरं. पण ती गावची हलकी, काटक कुत्री होती. बाजीचं हाडपेर वेगळं आहे.

तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे कायम दोन वेळा. वाटी मोजून भर आणि पंधरा-वीस मिनिटांनी उचल. पाणी मात्र सतत हवं. दर रविवारी वजन कर. तू त्याला घेऊन वजनकाट्यावर उभी राहा, मग एकटी उभी राहा आणि वजाबाकी कर. आकडा वहीत लिही. पण आकड्यापेक्षा हातावर जास्त विश्वास ठेव. बरगड्यांवरून बोटं फिरवलीस तर त्या सहज हाताला लागल्या पाहिजेत, आणि वरून बघितलंस तर कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. सासूबाईंना तो हडकुळा वाटेल. त्यांना माझ्यातर्फे सांग की असाच असायला हवा. अमेरिकेत अठ्ठेचाळीस लॅब्राडोरांवर चौदा वर्षं केलेला एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात एकाच विणीतल्या भावंडांच्या जोड्या लावल्या होत्या, आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा चतुर्थांश कमी खायला दिलं होतं. कमी खाणारी कुत्री सरासरीने जवळपास दोन वर्षं जास्त जगली, आणि त्यांच्या खुब्यांचे त्रासही कमी होते आणि उशिराने आले. दोन वर्षं म्हणजे कुत्र्याच्या आयुष्यात फार मोठा काळ गं. सासूबाईंची माया मला कळते, पण ताटातली पोळी टाकण्याऐवजी त्यांनी बाजीच्याच वाटीतले चार दाणे हाताने भरवले तर माया तेवढीच पोचेल.

पोटाबद्दल एक धोक्याची खूण लक्षात ठेव. जर्मन शेफर्ड, डोबरमन, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या कुत्र्यांच्या पोटात हवा भरून जठराला पीळ पडू शकतो. पोट ढोलासारखं फुगतं, कुत्रा ओकायचा प्रयत्न करतो पण काहीच बाहेर येत नाही, लाळ गळते, जागा सुचत नाही. हे दिसलं की सकाळची वाट बघायची नाही, ओवा-हिंगही द्यायचं नाही. ज्या वेळी दिसेल त्या वेळी, रात्री दोन वाजता का असेना, शस्त्रक्रिया होते अशा दवाखान्यात न्यायचं. तास-दोन तासांवर जीव अवलंबून असतो. म्हणूनच एकदम पोटभर जेवण नको, आणि जेवणानंतर तासभर धावपळ नको. रात्री उघडा असणारा दवाखाना कुठे आहे हे आजच शोध आणि नंबर फ्रिजवर लावून ठेव.

काय द्यायचं नाही ते स्वयंपाकघरातल्या सगळ्यांना सांग. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, मनुका, चॉकलेट. सत्यनारायणाच्या शिऱ्यातला बेदाणासुद्धा नको, प्रसाद असला तरी. शिजवलेली हाडं चिरफळतात आणि आतडं फाडतात. आंब्याच्या दिवसांत कोय उघड्यावर टाकू नका. कुत्रा ती अख्खी गिळतो आणि ती आतड्यात अडकते. मग पोट उघडण्याशिवाय इलाज राहत नाही. माणसाच्या तापाच्या आणि दुखण्याच्या गोळ्या त्याला कधीही द्यायच्या नाहीत, अर्धी नाही की पाव नाही.

आता तुमच्या फ्लॅटची फरशी. गुळगुळीत टाइल्सवर पिल्लाचे पाय चारी दिशांना फाकतात आणि सांध्यांवर रोज ताण पडतो. जिथे जिथे तो वावरतो तिथे सतरंजी, जाजम किंवा रबरी मॅट टाक. दिवाणखाना शोभेचा दिसणार नाही, एक वर्ष तसाच चालू दे. तळव्यांमधले केस वाढले की कातरत जा आणि नखं कापत जा, लांब नखांनी पाय आणखी घसरतो. जिना चढवू-उतरवू नकोस. नॉर्वेत मोठ्या जातींच्या पिल्लांवर अभ्यास झाला होता. तीन महिन्यांच्या आत जिने चढणाऱ्या पिल्लांत खुब्याचा आजार जास्त निघाला, आणि मऊ, चढउताराच्या मोकळ्या जमिनीवर बागडलेल्यांत कमी. म्हणजे हालचाल बंद करायची नाही, जागा बदलायची. तिसऱ्या मजल्यावरून लिफ्टने आण, लिफ्ट बंद असेल तर उचलून आण. तो उचलण्याच्या पलीकडे जाईल तोवर हाडंही बऱ्यापैकी सावरलेली असतील. सोफ्यावरून, गाडीतून, स्कूटरच्या पायरीवरून उडी नको. गवतावर, मातीवर त्याला त्याच्या मनाने हुंदडू दे. दमला की बसेल, तेव्हा त्याला उठवू नकोस. जावईबापू सकाळी पळायला जातात ना? दीड वर्षाचा होईपर्यंत त्याला बरोबर नेऊ नका. पट्ट्याने चालवायचं तर वयाच्या महिन्याला पाच मिनिटं, हा जुना ठोकताळा पुरेसा आहे.

मध्येच कधी एका पायाने लंगडेल, चार दिवसांनी दुसऱ्या. पाच महिन्यांपासून पुढे जर्मन शेफर्डमध्ये वाढीचं असं दुखणं येतं आणि जातंही. तरी डॉक्टरांना दाखव. सशासारखा पळताना दिसला तर त्याच आठवड्यात एक्स-रे काढ.

लसीचं थोडक्यात. सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचा होईपर्यंत. तिसऱ्या महिन्यात रेबीजची, पुढे डॉक्टर सांगतील तशी. जंतांचं औषध पहिले तीन महिने दर पंधरवड्याला, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो पसरतो, त्याची लस घेतली असली तरी डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नकोस. गोचिडासाठी रोज संध्याकाळी कानामागे, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीच्या बुडाशी हात फिरव. गोचिडाने येणारा ताप आपल्याकडे कुत्र्यांना फार छळतो. एक दिवस खाल्लं नाही आणि हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर दवाखाना.

नसबंदीचं तू विचारलं होतंस. घाई नको. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांना जर्मन शेफर्डमध्ये असं आढळलं की वर्षाच्या आत नसबंदी केलेल्यांत सांध्यांचे आजार जास्त होते. वाढ पुरी होऊ दे, मग डॉक्टरांशी बोलून ठरव. तोवर तो मोकाट सुटून कुठे पिल्लांची भर घालणार नाही, ही जबाबदारी तुमची.

सर्वात महत्त्वाचे दिवस मात्र आत्ताचे आहेत. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनाचं दार उघडं असतं. या काळात जे जे त्याने आनंदात पाहिलं, ऐकलं, हुंगलं, ते जन्मभर त्याला आपलं वाटतं. जे या काळात भेटलंच नाही, त्याची पुढे भीती वाटते. भीतीपोटी भुंकणारा आणि चावायला धावणारा कुत्रा पस्तीस किलोचा असेल तर काय होईल, ते सांगायला नको. तुझ्या हातात फक्त सहा आठवडे उरलेत.

लस पूर्ण झालेली नाही म्हणून त्याला घरात कोंडून ठेवायचं, असं लोक करतात. ती चूक करू नकोस. जमिनीवर सोडू नकोस, पण कडेवर घेऊन खाली जा. कोपऱ्यावरच्या बाकावर दहा मिनिटं बस. रिक्षा, पीएमपीची बस, भाजीची हातगाडी, हेल्मेट घातलेला माणूस, छत्री, रेनकोट, काठी टेकत चाललेले आजोबा, रडणारं बाळ, सारं त्याला लांबून दिसू दे, आणि प्रत्येकाबरोबर तोंडात उकडलेल्या चिकनचा एक बारीक तुकडा पडू दे. घाबरला तर जवळ नेऊ नकोस, लांब जा. ज्या अंतरावरून तो खाऊ खातो ते अंतर बरोबर. घरात मिक्सर, वॉशिंग मशीन, शिट्टी यांचा आवाज त्याच्या जेवणाच्या वेळी दुसऱ्या खोलीतून येऊ दे. पुण्यात राहता, गणपतीत ढोल-ताशा आणि दिवाळीत फटाके यांतून सुटका नाही. मोबाइलवर ढोलाचा आवाज अगदी हळू लाव, इतका हळू की त्याने कान टवकारावेत आणि पुन्हा वाटीत तोंड घालावं. रोज किंचित वाढव. मिरवणुकीत मात्र त्याला नेऊ नकोस, या वर्षी नाही आणि पुढच्याही वर्षी नाही.

त्याच्या अंगाला हात लावून घ्यायची सवयही आत्ताच. रोज दोन मिनिटं पंजे दाब, नखांना स्पर्श कर, ओठ वर करून दात बघ, कानात डोकाव, आणि लगेच खाऊ. मोठा झाल्यावर डॉक्टरांच्या टेबलावर चार माणसांनी दाबून धरण्यापेक्षा हे सोपं आहे.

शू-शीची तक्रार तू केलीस. अगं, दोन महिन्यांचं बाळ आहे ते. झोपून उठला, जेवला, खेळला की लगेच उचलून ठरलेल्या जागी ने. रात्री एकदा-दोनदा उठावं लागेल, पाळी लावून घ्या. जागेवर झालं की तिथल्या तिथे शाबासकी आणि खाऊ. घरात आल्यावर दिलास तर तो घरात आल्याचा खाऊ असं त्याला वाटतं. घरात झालं तर गप पुसून टाक. नाक त्यात घासणं, वर्तमानपत्राच्या सुरळीने मारणं, हे आमच्या वडिलांच्या पिढीने केलं आणि मीही राजाला केलं. त्याने कुत्रा एवढंच शिकतो की माणसासमोर शू करायची नाही. मग तो सोफ्यामागे जाऊन करतो. पुसताना वास पूर्ण जाईल असं पूस. नाकाला वास लागला की पाऊल पुन्हा तिथेच वळतं.

दात लागतात, हात ओरबाडतो म्हणतेस. पिल्लू तोंडानेच जग चाचपतं. हाताशी खेळू नका, जावईबापूंनाही सांग. हात म्हणजे खेळणं असं त्याला एकदा वाटलं की पुढे अवघड जाईल. दात लागला की खेळ थांबव, हात स्थिर ठेव आणि तोंडात दोरीचं किंवा रबराचं खेळणं दे. तरी ऐकत नसेल तर उठून अर्धा मिनिट खोलीबाहेर जा. ओरडू नकोस, ओरडणं त्याला खेळच वाटतं. आणि बऱ्याचदा असं चावरं झालेलं पिल्लू झोपेला आलेलं असतं. या वयात त्याला अठरा-वीस तास झोप लागते. त्याच्या कोपऱ्यात अंथरूण घाल, क्रेट असेल तर दार उघडं ठेवून त्यात घाल, आणि तिथे गेल्यावर त्याला कुणी छेडायचं नाही असा घरात नियम कर.

तो नियम चिंगीसाठी सगळ्यात आधी. तो जेवत असताना आणि झोपलेला असताना त्याच्याकडे जायचं नाही. शेपटी, कान ओढायचे नाहीत, गळ्याला मिठी मारायची नाही. दोघांना खोलीत एकटं सोडायचं नाही, दोन मिनिटंही नाही. बाजी कितीही गुणी निघाला तरी नाही. त्याचं अंग ताठरलं, तो ओठ चाटू लागला, तोंड वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला, की तो "मला नको" म्हणतोय. गुरगुरला तर मारू नका. गुरगुरणं म्हणजे इशारा. मार खाऊन कुत्रा इशारा द्यायचं बंद करतो आणि मग थेट चावतो. आणि चुकून कुणाला दात किंवा नख लागलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, लस झालेली असली तरी.

शिकवायला पाच शब्द पुरेत: बाजी, ये, बस, थांब, सोड. कोणत्या भाषेत ते तुम्ही ठरवा, पण घरात सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. तू "बस" म्हणतेस, जावईबापू "सिट" म्हणतात, चिंगी "बाशी" म्हणते, तर त्याने ऐकायचं कुणाचं? एका वेळी तीन-चार मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. शब्द एकदाच उच्चारायचा. दहादा म्हटलंस तर तो दहाव्यांदा बसायला शिकतो. "ये" हा शब्द मात्र सोन्यासारखा जप. त्याला रागवायला, आंघोळ घालायला, औषध पाजायला कधीही "ये" म्हणून बोलावू नकोस, तू उठून त्याच्यापाशी जा. "ये" ऐकून तो आला की प्रत्येक वेळी काहीतरी चांगलंच घडलं पाहिजे. कधीतरी पट्टा तुटून तो रस्त्याकडे धावेल, तेव्हा हा एकच शब्द त्याला वाचवेल.

पट्ट्याने चालताना ओढू लागला की उभी राहा. पट्टा सैल पडला की चाल. पहिल्या आठवड्यात शंभर पावलांना वीस मिनिटं लागतील, लागू देत. आज ओढू दिलंस तर वर्षाने तू त्याच्यामागे फरफटत जाशील, मग कुणी त्याला फिरवायलाच नेणार नाही आणि तो गॅलरीत बांधून पडेल. मोठ्या कुत्र्यांची निम्मी दुःखं तिथूनच सुरू होतात.

त्याच्या नाकालाही काम दे. 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या झंजीर नावाच्या लॅब्राडोरने नाकाच्या जोरावर किती जीव वाचवले, हे तुला ठाऊक आहे. बाजीला बॉम्ब शोधायचे नाहीत, पण नाक त्याच्याकडेही तसलंच आहे. रात्रीच्या जेवणातले थोडे दाणे गवतात पसरून टाक, जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपव, चिंगीला लपवायला सांग. दहा मिनिटांच्या हुंगण्याने तो अर्ध्या तासाच्या पळण्याइतका निवांत होतो, आणि सांध्यांना धक्का लागत नाही.

सहा-सात महिन्यांनंतर एक दिवस तुझा फोन येईल. "मामा, याला सगळं येत होतं, आता हाक मारली तर ढुंकून बघत नाही." ती त्याची गद्धेपंचविशी. दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत चालते. अंग मोठ्या कुत्र्याचं, अक्कल पोराची. बहुतेक मोठी कुत्री याच वयात घरातून काढून टाकली जातात. कुणी फार्महाउसवर सोडतं, कुणी ओळखीच्याला देतं, कुणी रात्री महामार्गावर उतरवून निघून जातं. माझ्याकडच्या चांदणीला मी तसंच आणलं होतं, दहा महिन्यांची, गळ्यात महागडा पट्टा तसाच होता. ती तीन महिने प्रत्येक मोटारीच्या आवाजाला फाटकापर्यंत धावायची. तेव्हा त्या दिवसांत मागचे धडे पुन्हा पहिलीपासून घे, लांब दोरी लाव, खाऊ वाढव आणि धीर सोडू नकोस. सगळं परत येतं.

सोसायटीचं आत्ताच नीट कर. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं म्हणणं आहे की सोसायटीला कुत्रा पाळायला किंवा लिफ्टने न्यायला बंदी घालता येत नाही. पण हक्काची भाषा शेवटी बोलायची. लिफ्टमध्ये कुणी असेल तर पुढच्या फेरीची वाट बघ. जिन्यात पट्टा आखूड धर. शी पिशवीत उचल, दर वेळी, पावसातही. महापालिकेचा परवाना काढ. कुणी घाबरत असेल तर "काही करत नाही तो" म्हणू नकोस, बाजूला हो. शेपटी हलवणारा असला तरी पस्तीस किलोचा कुत्रा समोरून येताना बघून ज्याच्या पोटात गोळा येतो, त्याची भीती खरी असते.

उन्हाळ्यात फिरवायचं ते सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघ, तुला सहन झालं नाही तर त्यालाही होत नाही. बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवायचं नाही.

तुझ्या नणंदेलाही पिल्लू घ्यायचं आहे म्हणालीस. तिला सांग की आधी पिल्लाची आई बघ, ती जिथे राहते ती जागा बघ. आई दाखवत नसतील तर परत फिर. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला 2017 च्या नियमांनी मनाई आहे, आणि ते बरोबरच आहे. चावा किती जोराचा झाला की भावंडं किंचाळतात, हे पिल्लू त्या शेवटच्या दोन आठवड्यांत आईजवळ शिकतं. आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे माग. विकणारे "हेवी बोन", "डबल कोट" म्हणून किंमत चढवतील. जाड हाड म्हणजे चांगलं हाड नव्हे. आणि तिला हस्की किंवा सेंट बर्नार्ड हवा असेल तर तिच्या नागपूरच्या उन्हात तो आणू नको म्हणावं. बर्फाळ प्रदेशातल्या जिवाला एसीच्या खोलीत कोंडून जगवणं मला पटत नाही.

शेवटी तुमच्या दोघांसाठी. हा कुत्रा दहा-बारा वर्षं तुमच्याबरोबर राहील. चिंगी तेव्हा कॉलेजात असेल. या वर्षभरात त्याला दिवसाचे आठ-नऊ तास घरात एकटं ठेवता येणार नाही, कुणाला तरी दुपारी यावं लागेल. ते कोण, हे या आठवड्यात ठरवा.

मी पुढच्या रविवारी येतोय. माळ्यावरच्या दोन जुन्या सतरंज्या आणि पाच-सहा गोणपाट धुऊन ठेवलेत, ते बैठकीपासून गॅलरीपर्यंत अंथरू. वजनाची वही मला दाखव. मी दारात आलो की बाजी माझ्या अंगावर उडी मारेल. त्याला ओढू नकोस, रागवूही नकोस. त्याचे चारही पाय जमिनीवर टेकेपर्यंत मी त्याच्याकडे बघणार नाही. टेकले की खाली बसून त्याला जवळ घेईन.